शनिवारची पिशवी

आधीच सांगून टाकते, मी संशयी बाई आहे. अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवते. परीक्षेत एखादं पोर उगाच छताकडे बघायला लागलं की मी त्याच्या बाकापाशी जाऊन उभी राहते, आणि बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच. घरीसुद्धा नवऱ्यानं न सांगता भाजी आणली तर आज काय विशेष, असं विचारल्याशिवाय मला राहवत नाही. आजारपणात हा स्वभाव उपयोगी पडेल असं मला वाटलं होतं. डॉक्टर लपवाछपवी करतात, घरचे गोड बोलतात, आपण जागं राहिलेलं बरं, असं.

खुब्याचं आणि मांडीचं हाड मोडून चार महिने मी अंथरुणाला खिळले होते. ज्यांच्यावर तशी वेळ आली आहे त्यांना इथे गोळ्यांची नावं किंवा व्यायामाचे प्रकार मिळणार नाहीत, ते तुमचे डॉक्टर सांगतील. पडल्या पडल्या डोक्यात काय काय शिजतं, तेवढंच मी लिहिते आहे.

कळलं तो दिवस

मला आठवतं ते शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंतच. स्वयंपाकघरात मी पातेल्यात चणे भिजत घातले आणि वर ताटली झाकली. त्यानंतर एकदम पंखा, आणि पंख्याच्या पात्यांवरची जळमटं. मधली शनिवारची सकाळ कोणीतरी वहीतून पान फाडावं तशी गेलेली आहे.

अविनाश, म्हणजे माझा नवरा, खाटेजवळ उभा होता. त्यानं दाढी केलेली नव्हती आणि शर्टाची बटणं चुकीची लावली होती. त्यावरूनच मी ओळखलं की प्रकरण साधं नाही.

"हरीण आडवं आलं," तो म्हणाला. "नीलिमाच्या गाडीला. घोडबंदरच्या घाटात."

"कसलं हरीण?"

"हरीण म्हणजे हरीण. आता बोलू नकोस जास्त."

नीलिमा आमच्याच शाळेत चित्रकला शिकवते आणि आमच्याच सोसायटीत पलीकडच्या विंगमध्ये राहते. बोरिवलीहून सकाळी सहाला निघून आम्ही दोघी ठाण्याच्या शाळेत जायचो. गाडी तिची, नाश्त्याचा डबा माझा. असं एकोणीस वर्षं चाललं होतं. तिच्या मुलीची दहावी, माझ्या सासूबाईंचं शेवटचं दुखणं, सगळं त्या गाडीत बोलून झालेलं. सख्ख्या बहिणीशी मी तेवढं बोललेली नाही.

दुपारी डॉक्टर आले. खुब्याचा सांधा फुटला आहे, मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं आहे, पट्टी आणि स्क्रू बसवावे लागतील. डोक्याला मार आहे पण आत रक्त साकळलेलं नाही. ती सकाळ मात्र बहुधा परत आठवणार नाही.

"मी चालेन ना?" मी विचारलं.

"चालाल."

"कशी?"

ते फाइलमध्ये बघायला लागले. त्या क्षणी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मी वर्गात दिवसभर उभी राहणारी बाई, फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत फेऱ्या मारणारी. बसून शिकवलेलं गणित मला स्वतःलाच पटत नाही.

जाता जाता त्यांनी विचारलं, "सीट बेल्ट लावला होता का?"

"नीलिमा म्हणते लावला होता," अविनाश म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्या गाउनची खांद्याची बाजू थोडी सरकवून पाहिलं. "वळ नाही कुठे. बेल्ट असता तर छातीवर आडवं काळंनिळं झालं असतं." एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

वॉर्डातले दिवस

पहाटे साडेपाचला दिवे लागायचे. ताप, रक्तदाब, मग स्पंजिंग, मग चहा म्हणून आणलेलं ते कोमट पाणी. ऑपरेशननंतर सहा आठवडे पाय टेकवायचा नव्हता, म्हणजे सगळं खाटेवरच. बेडपॅन या वस्तूबद्दल पुस्तकांत कोणी लिहीत नाही, पण माणसाचा ताठा तिथे पहिल्यांदा मोडतो. पहिले दोन दिवस मी पाणी पिणंच कमी केलं, कोणाला बोलवायला नको म्हणून. ते कृपा करून करू नका. मला त्याचा वेगळा त्रास झाला.

वॉर्डात एक मालवणकडच्या मावशी होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्याखाली प्लास्टिकचा कागद घातला, खाटेच्या कडेला बादली लावली आणि मग्यानं पाणी ओतून माझे केस धुतले. जखमेला थेंब लागू दिला नाही. केसांतलं वाळलेलं रक्त पाण्यातून गेलं आणि मी रडायला लागले.

"रडा, रडा," त्या म्हणाल्या. "पर पाणी पिवा बाई. मागनं बोलवायला काय लाजायचा नाय."

त्यांच्यावरही मला संशय आला होता, की अविनाशनं चहापाण्याला काही दिलं असेल. विचारलं तर तो म्हणाला, "नाही. तू त्यांचे नीट आभार तरी मान." मी मानले, पण दोन दिवस उशिरा.

नीलिमा येते आणि जाते

शाळा सुटली की नीलिमा रोज चार वाजता यायची. तिच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं, बाकी खरचटलेलं. डाव्या हातानं ती थर्मासचं झाकण उघडायची आणि मला मुगाचं कढण पाजायची. माझ्या नजरेला नजर मात्र देत नव्हती.

"हरीण कुठून आलं गं?" मी विचारलं.

"डावीकडून. पटकन आलं."

दोन दिवसांनी मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर जुळतं का हे बघायची माझी ती जुनी सवय.

"दोन होती," ती म्हणाली. "पहिलं गेलं. दुसरं आलं."

"परवा एक म्हणालीस."

"अगं, पहिल्याला लागलंच नाही ना, म्हणून."

"बेल्ट लावला होता मी?"

"हो," ती म्हणाली आणि थर्मास पुसत बसली. तो पुसायची काही गरज नव्हती.

नीलिमाची मुलगी परदेशात असते. सकाळी गाडी चालवता चालवता नीलिमा तिला फोनवर निरोप बोलून पाठवायची. मी तिला शंभरदा टोकलं होतं. त्यात जबाब घ्यायला आलेला हवालदार म्हणून गेला, "हरीण काय सापडलं नाही मॅडम तिथं. अंधार होता, कुत्रं असंल." झालं. माझं गणित सुटलं. हरीण नव्हतंच, ती फोनवर होती, माझ्या बाजूचा बेल्ट बिघडलेला होता आणि हे सगळं झाकायला रोज मुगाचं कढण येतं आहे.

मी तिला सरळ विचारलं, "फोनवर होतीस ना?"

तिनं चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाली, "नाही गं सुनी. खरंच नाही."

मी चेहरा भिंतीकडे केला. त्या कढणाची चव मला आवडायची, हे मी त्या दिवशी तिला सांगितलं नाही आणि उरलेलं प्यायलेही नाही.

घर

घरी आल्यावर दिवाणखान्यात लोखंडी खाट आली आणि आमचा सोफा शेजाऱ्यांकडे गेला. अविनाशनं ऑफिसमधून घरून काम मागून घेतलं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण माझं सगळं आवरून देताना तो सुरुवातीला डोळे मिटायचा. मला आधी वाटलं, याला किळस येते. एकदा भांडणात तसं बोलूनही दाखवलं.

"तुला लाज वाटू नये म्हणून मिटतो," तो म्हणाला. "नको असेल तर उघडे ठेवतो."

घरातल्या माणसानं आपलं करणं आणि आपण ते करून घेणं, यातलं दुसरं मला जास्त जड गेलं.

शाळेतल्या दोघीजणी भेटायला आल्या. सहानुभूती, संत्री, शाळेतल्या गप्पा. आणि मी बोलले. ती फोनवर होती, बेल्ट खराब होता, हरीण-बिरीण काही नाही. पुराव्याशिवाय मुलांचा एक मार्क न कापणारी मी, तिच्याविरुद्ध निकाल देऊन मोकळी झाले.

गोष्ट शाळाभर झाली. शाळा सुटल्यावर नीलिमाच्या गाडीतून परतणाऱ्या दोघी शिक्षिका बसनं यायला लागल्या. चित्रकलेच्या स्पर्धांना ती मुलांना आपल्या गाडीतून न्यायची, ते मुख्याध्यापिकाबाईंनी बंद केलं. नीलिमाचं आमच्याकडे येणंही थांबलं. मला वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

अविनाश मात्र चिडला. "तुझं हाड जुळतंय की नाही यापेक्षा तुला ती खोटी ठरतेय की नाही याची काळजी जास्त."

"मग तिनं बेल्टचं खोटं का सांगितलं?"

"मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. एवढंच म्हणतोय मी."

घाटात

मे महिन्यात मी वॉकर सोडून काठीवर आले. पाय आखूड झाला नाही, पण लंगडणं राहिलं. पहिली इच्छा काय, तर मला ती जागा बघायची होती. अविनाश नको म्हणत होता. शेवटी एका शनिवारी सकाळी त्यानं गाडी काढली.

ते वळण मला पाठ होतं. तिथे रस्त्याच्या कडेला मारुतीची शेंदूर लावलेली छोटी घुमटी आहे. शनिवारीही सकाळी शाळा असल्यामुळे मला मारुतीच्या देवळात जायला जमायचं नाही, म्हणून निदान त्याच्या वानरांना तरी काही द्यावं, असा माझा नेम होता. शुक्रवारी चणे भिजवायचे, सकाळी मीठ लावायचं म्हणजे चवीनं खातात, सोबत केळी, आणि सगळं एका पिशवीत. सातची हजेरी असायची, थांबायला वेळ कुठला. नीलिमा गाडी हळू करायची आणि मी काच खाली करून पिशवी कडेला टाकायची. चणे रस्त्यावर सांडू नयेत म्हणून पिशवीला दोन गाठी मारायची. वानरं हुशार असतात, सोडतात.

त्या वळणावर खाकी कपड्यातला एक वनरक्षक झाडाला फलक बांधत होता. प्राण्यांना खायला घालू नये, असा फलक. मी काठी टेकत त्याच्याजवळ गेले आणि विचारलं, जानेवारीत इथे गाडीला हरीण धडकल्याचं काही माहीत आहे का.

"चितळाची मादी," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी मिळाली. आत ओढ्यापाशी जाऊन पडली होती. कावळे जमले म्हणून कळलं." मग त्यानं माझ्या काठीकडे पाहिलं. "त्या गाडीत तुम्ही होता?"

मी मान हलवली. हरीण होतं. माझ्या गणिताची पहिलीच पायरी चुकली होती.

"पण हरीण रस्त्यावर कशाला येईल?" मी विचारलं. संशय अजून सुटत नव्हता.

"खायला. लोक शनिवारी माकडांना घालतात ना. केळी, चणे. गाडी थांबवत पण नाहीत, चालत्या गाडीतनं फेकतात. माकडं येतात उजेड झाल्यावर. त्याच्या आधी अंधारात ही हरणं येतात. खारट असलं तर जास्तच. मिठाला जीव टाकतात ती." त्यानं तार पिरगळली. "एक गेलं की मागं दुसरं असतंच. माणसाला वाटतं गेलं एकदाचं, तो गाडी दामटवतो. नाहीतर स्टिअरिंग फिरवतो आणि कठड्याला जाऊन बसतो. फिरवायचं नाही मॅडम, सरळ ब्रेक दाबायचा. आणि मुळात इथं हळूच यायचं."

अविनाश म्हणाला, "चल आता, ऊन होतंय." त्याच्या आवाजावरून कळलं की त्यालाही समजलं होतं.

"त्या मादीच्या पोटात प्लास्टिक निघालं," वनरक्षक म्हणाला. "पिशव्या. दोन दोन गाठी मारलेल्या. सोडता येत नाहीत त्यांना, आख्ख्या गिळतात. गाडीनं नसती मेली तर त्यानं मेली असती."

त्या माणसाला माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. तो आपला सांगत होता आणि मी ऐकत उभी होते. मग मी कठड्यावर बसले.

पलीकडची विंग

त्याच दुपारी मी नीलिमाच्या दाराची बेल वाजवली. तिनं दार उघडलं, माझ्या काठीकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे केली.

"पिशवी कुठे होती त्या दिवशी?" मी विचारलं.

तिला लगेच कळलं. "मागच्या सीटवर. तू पुढे घ्यायला विसरलीस."

"म्हणजे मी वळले होते."

"बेल्ट काढून वळलीस. मी म्हटलं, सुनी, राहू दे आज, उशीर झालाय. तू म्हणालीस, नेम मोडतो." ती मनगट चोळत होती. ते अजून पूर्ण वळत नाही. "तेवढ्यात पहिलं आलं. मी थांबले जवळजवळ. ते गेलं म्हणून ॲक्सिलरेटरवर पाय दिला, आणि दुसरं. मी गाडी फिरवली. फिरवायला नको होती. ते माझं चुकलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला काय सांगू? तुला आठवत नव्हतं. तू खाटेवर, पायात लोखंड. त्यात तुला म्हणू, की तुझ्याच पिशवीपायी झालं? पोलिसांनाही बेल्ट होता म्हणून सांगितलं. तुला कोणी बोल लावू नये म्हणून." तिनं मनगट सोडलं. "मला वाटलं, तुला वाटायचं ते वाटू दे. थोड्या दिवसांनी बरी झालीस की बोलू. मग तू शाळेत सांगितलंस."

मी तिची माफी मागितली. शब्द काही चांगले सुचले नाहीत, दोनदा तेच बोलले. ती रडली नाही आणि लगेच माफही केलं नाही. "चहा घेशील?" एवढंच म्हणाली, आणि मी हो म्हटलं.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. मागच्या सीटवरची पिशवी, काढलेला बेल्ट, नेम मोडतो हे माझे शब्द, यातलं मला आजही काही आठवत नाही. कधीच आठवणार नाही. ते खरं असल्याचा माझ्याकडे एकच पुरावा आहे, नीलिमाचा शब्द. तो मी तपासून पाहिलेला नाही.

जून

शाळा सुरू झाली त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये उभी राहिले आणि जे बसून पसरवलं होतं ते उभ्यानं परत घेतलं. एकीनं मान खाली घातली. मुख्याध्यापिकाबाईंनी नीलिमाला मुलं न्यायची परवानगी पुन्हा दिली, पण तिनं ती घेतलेली नाही. काही गोष्टी माफी मागून जागच्या जागी येत नाहीत. शनिवारच्या परिपाठाला मी मुलांना चणे, मीठ, दोन गाठी हे सगळं स्वतःच्या नावासकट सांगितलं. आता काही पोरं घरच्यांच्या गाडीतल्या केळ्यांवर पाळत ठेवून असतात. माझेच विद्यार्थी ते.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी नीलिमानं खाली येऊन हॉर्न वाजवला. पाच महिन्यांनी मी तिच्या गाडीत बसले आणि बेल्ट लावला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मी बेल्ट ओढून दाखवला. मांडीवर फक्त नाश्त्याचा डबा होता.

घाटातलं वळण येण्याआधीच तिनं गाडी अगदी हळू केली. जूनमध्ये त्या वेळी उजाडलेलं असतं. घुमटीपाशी, रस्त्याच्या अगदी कडेला, एक चितळ उभं होतं. मादी. बाजूला तिचं पिल्लू. गाडी हळू झाली तशी ती पळाली नाही. उलट दोन पावलं पुढे आली.

एकोणीस वर्षांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ती मला ओळखत होती. म्हणजे मला नाही, हळू होणाऱ्या गाडीला आणि खाली होणाऱ्या काचेला. तिनं माझ्या खिडकीकडे सरळ पाहिलं, मान वर करून. मी अठ्ठावीस वर्षं माणसांचे डोळे वाचत आले आहे. त्या डोळ्यांत माझ्याबद्दल जरासुद्धा संशय नव्हता.

नीलिमा गाडी थांबवून वाट बघत होती. आमच्यामागून दुसरी गाडी येईल, ती काही हळू होणार नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

मी काच वरच ठेवली. "हॉर्न दे," मी तिला म्हटलं. "ती पळून जाईपर्यंत देत राहा."